घरी शिजवलेली हळद: ओल्या गड्ड्यापासून उटण्यापर्यंतच्या नोंदी

९ फेब्रुवारी

वाईजवळच्या मामेभावाकडून १२ किलो ओली हळद आली. एसटीच्या पार्सलने, मातीसकट. जात सेलम. दर बाजाराचा, किलोला ५० रुपये. "ताई, भावाला भाव विचारायचा नसतो," असं म्हणत घेतला, पण घेतला.

काम असं ठरलंय: हळद घरीच शिजवायची, वाळवायची, दळायची. वर्षभराची स्वयंपाकाची पूड एक, आणि उटण्यापुरती वेगळी, वस्त्रगाळ. हळद चेहऱ्याला लावा, दुधात घ्या, जखमेवर दाबा असं सांगणारे घरात-शेजारात पुष्कळ आहेत. डब्यातली पूड कशी तयार झाली हे मात्र त्यातल्या एकालाही सांगता येत नाही. कुणाला हे करून बघायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून तारखेनिशी लिहून ठेवतेय.

आज फक्त निवडणं आणि धुणं. मधला जाड असतो तो जेठा गड्डा, त्याला लागून बगल गड्डे, आणि बाजूला लांबट फुटतात ती हळकुंडं. लागवडीला वापरलेलं जुनं बेणं सुरकुतलेलं, काळपट आणि हाताला हलकं लागतं. तो सोरा गड्डा, तो चांगल्या मालात जाऊ द्यायचा नाही. सोरा आणि कुजके तुकडे मिळून अर्धा किलो बाद. पिल्लं फुटलेलं एक लेकुरवाळं हळकुंड सासूबाईंनी परस्पर देवघरात नेलं, ते वजनात धरलेलं नाही.

धुवायला जुना टूथब्रश लागतो, कारण माती सांध्यांत बसलेली असते. हाताला आधी खोबरेल चोळून घ्यावं. नाही चोळलं, तर पुढचा आठवडाभर ऑफिसात प्रत्येक जण नखांकडे बघतो.

अर्धा किलो कोवळी हळद लोणच्याला काढली. किसून, लिंबाचा रस, आलं, मिरची, मीठ, वरून गार झालेली फोडणी. एवढ्या सगळ्या उद्योगात हमखास जमणारी गोष्ट हीच एक.

१० फेब्रुवारी

शिजवणं. शिजवायची कशाला, तशीच काप करून वाळवली तर काय बिघडतं, असं बरेच जण विचारतात. शिजवल्यावर आतला स्टार्च चिकट होऊन घट्ट बसतो, रंग गाभ्यापासून सालीपर्यंत सारखा पसरतो, कच्चा उग्र वास जातो, कोंब मरतात आणि वाळायला निम्म्याहून कमी वेळ लागतो. न शिजवलेलं अख्खं हळकुंड वाळताना आतून पोकळ आणि बाहेरून आकसलेलं होतं.

पहिला घाणा प्रेशर कुकरमध्ये लावला, गॅस वाचेल म्हणून. तीन शिट्ट्यांत हळकुंडांचा रंग मळकट झाला आणि साल हाताला लागताच सुटायला लागली. बारीक हळकुंडं आणि जाड गड्डे एकत्र घातल्याचा हा परिणाम: गड्डे शिजेपर्यंत हळकुंडांचं भरीत. हा घाणा वाळवला, पण स्वयंपाकापुरताच ठेवणार.

दुसरा घाणा उघड्या पातेल्यात. हळकुंडं वेगळी, गड्डे वेगळे. पाणी मालाच्या दोन बोटं वर, वरून ओलं गोणपाट. भावाला फोन लावला तर तो म्हणाला, "घड्याळ बघू नकोस ताई. फेस वर आला आन् वास बदलला की काडी टोचून बघ. सहज आरपार गेली की उतरव." हळकुंडांना पाऊण तास लागला, गड्ड्यांना त्याहून बराच जास्त. वास खरंच बदलतो. आधी ओल्या मातीचा आणि कच्च्या मुळाचा असतो, मग एकदम डब्यातल्या हळदीचा येतो.

एक फसलेला सल्ला: "पाण्यात चिमूटभर सोडा टाक, रंग खुलतो." सगळ्या मालावर न करता एका वाटीत करून बघितलं. पिवळं पाणी बघता बघता विटकरी लाल झालं. हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारं द्रव्य, क्षाराला लागलं की लाल होतं. हळदीत चुना घालून कुंकू करतात ते याच गुणावर. रंग "खुलतो" तो असा. पुडीत मला कुंकवाची छटा नको होती, म्हणून सोडा बाद.

१४ फेब्रुवारी

गच्चीवर वाळवण चालू. खाली चटई, चटईवर जुनी सुती साडी. रात्री दव पडतं म्हणून संध्याकाळी गोळा करून आत आणायची, सकाळी परत पसरायची. मधल्या वेळी एकदा तरी उलथापालथ.

गड्डे अख्खेच ठेवले होते आणि मध्ये दोन दिवस आभाळ आलं. आज उचलून बघितलं तर सहा-सात गड्ड्यांच्या खालच्या बाजूला राखाडी-पांढरी बुरशी. ओल्या मालाच्या हिशेबात किलोभर तरी होती. सासूबाईंचं म्हणणं, पुसून उन्हात टाक, काही होत नाही. टाकली नाही. हळदीवरच्या काही बुरश्यांतून अफ्लाटॉक्सिनसारखी विषं तयार होतात, ती पुसून जात नाहीत आणि उकळूनही जात नाहीत. गुणकारी म्हणून जी गोष्ट पोरांच्या दुधात घालायची तिच्यात हे नको. कचऱ्यात.

उरलेले गड्डे उभे चिरून दोन-दोन फाका केल्या. चिरताना सुरी निसटली आणि बोट कापलं. सासूबाई हळदीचा डबा घेऊन हजरच. वरवरचं होतं, धुऊन दाबून धरलं, मग त्यांच्या समाधानासाठी हळद लावली. रक्त थांबलं, पण ते दाबून धरल्यानेही थांबलं असतं.

याच विषयावर एक मोठा खटला होऊन गेलाय. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं होतं. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. पुराव्यात संस्कृत ग्रंथांबरोबर इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेखही होता. आपल्याकडे हे सांगताना छाती फुगते, फुगावीच. फक्त तिथे सिद्ध काय झालं, तर हा उपयोग नवा नाही, आधीपासून माहीत आहे. हळदीने प्रत्येक जखम बरी होते, असा निकाल कुणी दिलेला नाही. खोल जखमेत, गंजलेलं काही लागून झालेल्या जखमेत हळद कोंबून बसू नये. आधी स्वच्छ पाणी, मग डॉक्टर आणि धनुर्वाताचं इंजेक्शन.

२६ फेब्रुवारी

हळकुंडं वाळली. ओळखायची खूण म्हणजे वाकवायची नाही, मोडायची. कट्‌कन आवाज होऊन दोन तुकडे पडले आणि कापलेला भाग आतून गर्द नारिंगी, चकचकीत दिसला तर झाली. चामड्यासारखी वाकली तर अजून ऊन द्यायचं. गड्ड्यांच्या फाकांना अजून दोन-तीन दिवस लागतील.

एक बघण्यासारखी गोष्ट. चिरलेल्या फाकांचा उन्हाकडचा भाग फिकट पडलाय, खालचा भाग तसाच गर्द आहे. कर्क्युमिन उजेडाने मरतं. अख्ख्या हळकुंडाला साल वाचवते. म्हणून पातळ चकत्या करून पटकन वाळवायची युक्ती मी सोडून दिली. वेळ वाचतो, रंग आणि तेल जातं. आणि म्हणूनच दळलेली पूड परत उन्हात पसरू नये. आमच्याकडे दर उन्हाळ्यात मसाल्यांबरोबर तीही पसरली जायची.

२ मार्च

पॉलिश. बाजारात फिरत्या पिंपात घालून हळकुंडं गुळगुळीत करतात. घरी गोणपाटात बांधून दगडी कट्ट्यावर घोळसली. वरची साल, मुळ्यांचे केस निघाले. दिसायला अजूनही ओबडधोबडच. त्यापुढे जायची गरज नाही.

चकचकीत, बाहेरूनच पिवळंधमक दिसणारं हळकुंड बघून भुलू नका, कारण रंग चढवायची जागा हीच असते. बांगलादेशात २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की पॉलिश करताना हळदीवर लेड क्रोमेट (शिसं असलेला पिवळा रंग) चढवलं जातंय आणि लोकांच्या रक्तात सापडणारं शिसं मुख्यतः त्यातून येतंय. तिथल्या सरकारने धाडी टाकल्या, दंड केले, लोकांना सांगितलं, आणि दोन वर्षांत तिथल्या बाजारातल्या नमुन्यांतून ते जवळपास नाहीसं झालं. भारतातल्या काही शहरांच्या नमुन्यांतही नंतर शिसं आढळलं आहे. आपल्याकडे पुडीत शिशाची मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम आहे. लहान मुलाच्या मेंदूवर शिशाचा परिणाम कायमचा असतो. त्यापुढे हळदीचे सगळे गुण एका बाजूला.

सगळं मिळून वाळलेली हळद बरोबर २ किलो. शिजवायला घेतलेल्या मालातून बुरशीचा वजा केला तर साधारण पाचवा हिस्सा. शेतकऱ्याचा हिशेबही हाच असतो, क्विंटलला वीस-बावीस किलो.

८ मार्च

दळण. गल्लीतल्या डंकावर नेली. हंगाम मिरचीचा, रांगेत माझ्यापुढे चार किलो बेडगी. डंकवाल्याने खल फडक्याने पुसून घेतला, पण घरी येऊन पूड जिभेवर ठेवली तर मागून झणझणीत. आमटीला उत्तम. चेहऱ्याला लावायची कल्पनाही करवत नाही. त्याची चूक नाही, मार्चमध्ये डंकावर दुसरं काय असणार. उटण्याची हळद डंकावर द्यायचीच नाही. द्यायची झालीच तर पावसाळ्यात, मिरची संपल्यावर, आणि पहिल्या घाण्यात आपलेच मूठभर तांदूळ दळून घ्यावेत.

शिल्लक ठेवलेली ३०० ग्रॅम हळकुंडं घरीच केली. अख्खी मिक्सरमध्ये टाकू नका. पातं बोथट होतं आणि भांड्याला आतून चरे पडतात. आधी लोखंडी खलबत्त्यात चण्याएवढे तुकडे, मग मिक्सर थांबत-थांबत, भांडं गरम होऊ न देता. मग मलमलच्या फडक्यातून चाळणं. वस्त्रगाळ म्हणजे काय ते त्या दिवशी खांद्यांना कळलं. तासाभरात दीडशे ग्रॅम पूड निघाली, उरलेला चोथा परत मिक्सरला. मिक्सरचं पांढरं झाकण आता कायमचं पिवळं आहे.

९ मार्च

पाण्याची चाचणी. तीन काचेचे पेले, कोमट पाणी, प्रत्येकात अर्धा चमचा हळद, ढवळायचं नाही. माझी पूड हळूहळू खाली बसली, वरचं पाणी फिकट पिवळं. पाकिटातली साधारण तशीच. एका दुकानातून आणलेल्या सुट्या हळदीने मात्र पेल्यात शिरताच गडद पिवळे ओघळ सोडले आणि पाणी शेवटपर्यंत निवळलं नाही. ती फेकली. एवढ्यावर ती भेसळीचीच होती असं छातीठोक म्हणता येणार नाही, खात्री प्रयोगशाळेतच होते. पण संशयावरून शंभर ग्रॅम हळद टाकणं परवडतं.

खडूची भेसळ शोधायला लिंबाचा रस टाकून फसफस होते का बघतात. तीनपैकी एकाही पेल्यात झाली नाही.

१६ मार्च

उटणं. दोन चमचे मसूरडाळीचं पीठ, दोन चमचे मुलतानी माती, एक चमचा वाळा, अर्धा नागरमोथा, चिमूटभर कापूरकाचरी आणि एक चमचा हळद. दुधात कालवून लावलं. धुतल्यावर चेहरा पिवळा. उजळ नव्हे, पिवळा. दुसऱ्या दिवशी मीटिंगला तसाच गेला. त्वचा मऊ लागली, पण ती डाळीच्या पिठाने आणि दुधाने. हळद वगळून तेच लावलं तरी तशीच लागते, करून बघितलं.

मग हळद पाव चमच्यावर आणली. डाग नाही, वास येतो, पुरे. यापेक्षा जास्त घालून जास्त गुण येतो असं मला तरी दिसलं नाही.

लेकीच्या मुरुमांवर हळद-लिंबाचा लेप लावायचा घाट शेजारच्या मावशींनी घातला होता. लिंबाने तिची कातडी चुरचुरली, लगेच धुवायला लावलं. लिंबू पूर्ण बाद. नुसती हळद दह्यात घालून लावली तर सूज जरा बसल्यासारखी वाटते, मुरूम आपल्या गतीनेच जातात. वाढलेल्या मुरुमांना त्वचेच्या डॉक्टरांकडेच न्यावं.

कोपराच्या आतल्या बाजूला आधी थोडं लावून एक दिवस थांबा. हळदीची आणि कुंकवाची ॲलर्जी असते. "नैसर्गिक आहे" हे कातडीला समजत नाही. तान्ह्या बाळाच्या अंगाला तर नकोच.

धुताना एक गंमत: साबण लावला की मानेवरून लाल ओघळ. पहिल्यांदा रक्तच वाटलं. वाटीतल्या सोड्याचा तोच प्रकार, साबण क्षारयुक्त असतो. टॉवेलवर पडलेले डाग धुऊन गेले नाहीत, ओला टॉवेल दोन दिवस कडक उन्हात टाकल्यावर गेले. ज्या उन्हाने फाका फिकट केल्या, त्यानेच टॉवेलही.

३० मार्च

दूध. सर्दी झाली की घरात पिवळं दूध होतंच, म्हणून जरा आकडेमोड केली. अर्धा चमचा हळद म्हणजे साधारण दीड ग्रॅम. कर्क्युमिन ३ टक्के धरलं तर पेल्यात ४५ मिलिग्रॅम. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीत ते ६ टक्क्यांच्या आसपास असतं म्हणतात (तिला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये), तरी ९०. सांधेदुखीवरच्या बहुतेक प्रयोगांत दिवसाला ५०० ते १००० मिलिग्रॅम दिलेलं असतं. त्यामुळे पेलाभर दुधाने गुडघे बरे होण्याची वाट बघू नये. घसा शेकतो, झोप लागते, पोरं दूध पितात. हे थोडं आहे असं मी म्हणत नाही.

कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, तुपात-सायीत विरघळतं, आणि आतड्यातून फारच थोडं रक्तात जातं. मिऱ्यातल्या पायपरिनने ते वाढतं. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं तेव्हा माणसांत ते कितीतरी पटीने चढलं. आपल्या फोडणीत तेल, हळद आणि मिरी एकत्र असतातच. आता दुधातही एक मिरी ठेचून टाकते.

पण हाच नियम उलटतो तो गोळ्यांत. जास्त मात्रेच्या कर्क्युमिनमध्ये पायपरिन घातलेल्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटली, अमेरिका, ऑस्ट्रेलियात झाल्या आहेत. सासरे रक्त पातळ करणारी गोळी घेतात. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, जेवणातली हळद चालेल, वरून चमचे आणि कॅप्सूल नकोत. किडनी स्टोनचा त्रास असलेल्यांनीही वरची हळद जपून घ्यावी, तिच्यात ऑक्झलेट बरंच असतं. सासऱ्यांचं दूध आता साधं, त्यावरून घरात थोडा वाद झाला.

६ एप्रिल

हिशेब. ओली हळद ६००, पार्सल १५०, गॅस अंदाजे १५०, डंक ६०, मलमल १२०. एकूण १,०८० रुपये. हाती पूड १ किलो ८०० ग्रॅम, म्हणजे किलोला ६००. दुकानात चांगल्या पाकिटाची निम्म्या किमतीत मिळते. माझे शनिवार-रविवार यात धरलेले नाहीत, आणि बुरशीत गेलेली हळद धरलेली आहे.

साठवण: काळी बरणी किंवा स्टीलचा डबा, गॅसच्या शेजारी नाही. सांगलीजवळ हरिपूरला हळद जमिनीतल्या पेवांत वर्षानुवर्षं ठेवायचे. उजेड नाही, हवा नाही, किडा नाही. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि पेवांतली हळद नासली. घरच्या डब्यातही ओला चमचा घातला की तेच होतं, लहान प्रमाणात.

पुढच्या वर्षी ओली हळद आणणार नाही. भाऊ तसाही स्वतःचा माल काहिलीत शिजवतो आणि खळ्यावर वाळवतो, बुरशी न येऊ देता. त्याच्याकडून पॉलिश न केलेली वाळकी हळकुंडं तीन किलो सांगून ठेवली आहेत. दळण तेवढं घरी, तीन-तीन महिन्यांचं. दर विचारला, तर म्हणाला, "फेब्रुवारीत बघू. तवा भाव काय असंल कुणास ठाऊक."